हिरव्या पट्ट्याखालचं घर

नगररचना कचेरीतून एकाच अहवालाच्या अकरा जाडजूड प्रती बांधायला आल्या, तेव्हा बाइंडरबाई मनातून खूश झाली होती. हल्ली बांधून घेतंय कोण? कॉलेजातल्या पोरांचे प्रबंध, वकिलांची जुनी कागदपत्रं, एखाद्या हौशी म्हाताऱ्याची कवितांची वही, एवढ्यावर तिचं दुकान तग धरून होतं. हे काम त्या मानानं राजेशाही. पक्का पुठ्ठा, कापडी पाठ, वर सोनेरी अक्षरं. शुक्रवारपर्यंत हवं म्हणून शिपाई दोनदा बजावून गेला होता.

ती वाचत मात्र नसे. वाचत बसलीस तर पानांचा क्रम चुकेल, असं वडिलांनी तिला सुई धरायला शिकवतानाच सांगितलं होतं. त्यामुळे हजारो पुस्तकं हातांखालून गेली, पण तिला आठवायचं ते त्यांचं वजन आणि कागदाची जात. ह्या अहवालाच्या शेवटी मात्र मोठाले नकाशे होते. चार घड्या घालून आत बसवायचे. घडी नेमकी कुठं पडते ते बघावं लागतं, नाहीतर दहादा उघडला की नकाशा तिथंच फाटतो. एकोणिसावा नकाशा तिनं टेबलावर पसरला, घडी दाबायची हाडाची पट्टी उचलली, आणि तिचा हात तसाच राहिला.

नकाशाच्या मधून एक हिरवा पट्टा गेला होता, शहराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या हिरव्याखाली पुसट रेघांमध्ये एक गल्ली दिसत होती, कोपरात दुमडलेल्या हातासारखी. अशी गल्ली शहरात एकच होती. कोपराच्या टोकाशी एक बारीक आकडा छापलेला होता आणि तोच आकडा तिच्या दारावरच्या पितळी पाटीवर होता.

छपाईची चूक असेल म्हणून तिनं बाकीच्या दहा प्रती उलगडून पाहिल्या. अकराही प्रतींत पट्टा तिथंच होता.

दुकानावर दोन खोल्या होत्या. तिथं ती आणि तिचा थोरला भाऊ राहायचे. दादानं उभं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलं होतं. कुठल्या इमारतीतली लिफ्ट कितव्या मजल्यावर कुरकुरते हे तो आवाजावरून सांगायचा. वहिनी गेली, मुलगी लग्न होऊन दूर परदेशी गेली, आणि दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करताना त्याची डावी बाजू लुळी पडली. हात थोडाफार सुधारला, पाय नाही. एका डोळ्याची नजरही गेली, दुसऱ्यानं अंधुक दिसायचं. जिना अरुंद, मध्येच वळणारा. एका वेळी एकच माणूस जाईल असा. त्यामुळे दादा वर गेला तो वरच राहिला.

"लोकांना वर-खाली करण्यात जन्म गेला माझा," तो भेटायला येणाऱ्यांना सांगायचा, "आणि आता मीच दोन मजल्यांच्या मध्ये अडकलोय. तक्रार करायची तर मेकॅनिक मीच!"

दुकानामागं छोटं अंगण होतं. तिथं वडिलांनी लावलेली तुतीची दोन झाडं होती आणि झाडांपलीकडं रिकामी जागा. तिथं दादासाठी एक खोली बांधायची, शेजारी न्हाणी, दाराला उंबरा नको म्हणजे चाकाची खुर्ची थेट गल्लीत जाईल, असं दोघांनी ठरवलं होतं. दादानं उजव्या हातानं चित्रही काढलं होतं. परवानगीचा अर्ज महिन्याभरापूर्वीच दिला होता.

त्या संध्याकाळी तिनं वर जाऊन सांगितलं, "दादा, आपलं घर नकाशात हिरवं दाखवलंय."

"हिरवं म्हणजे?"

"म्हणजे बाग. चालायची वाट, झाडं, बाकडी."

"आणि आपण कुठं बसायचं? बाकड्यावर?"

तिला हसू आलं. त्यालाही आलं. मग तो म्हणाला, "चिमे, जाऊन विचार तर खरं. एवढं मोठं शहर, कुणाचातरी ब्रश घसरला असेल."

घरी तिला चिमी म्हणणारा आता तो एकटाच उरला होता.

शुक्रवारी तिनं अहवाल पोचते केले आणि तशीच चार नंबरच्या टेबलाकडं गेली. तिथला कारकून सज्जन होता. त्यानं तिचा अर्ज शोधला, वर चिकटवलेली चिठ्ठी वाचली आणि मान हलवली.

"नाही मिळायची परवानगी. जागा आरक्षित आहे."

"मग घेणार कधी आमचं घर?"

"ते ठरलेलं नाही. वीस वर्षांचा आराखडा आहे."

"तोवर आम्ही काय करायचं?"

"तोवर जैसे थे. नवं बांधकाम नाही, वाढीव नाही, मोठी दुरुस्ती नाही."

"आणि विकायचं म्हटलं तर?"

"विका की! तुमचीच जागा आहे, कोण अडवतंय?" असं तो म्हणाला खरा, पण लगेच आपणच ओशाळला. हिरव्या रंगाखालचं घर घेणार कोण, हे त्यालाही कळत होतं. "मोबदलाही घर ताब्यात घेतल्यावरच मिळतो, बाई. ताब्यात घेतलेलं नाही, त्यामुळे तसं बघितलं तर तुमचं काही गेलेलंच नाही."

काही गेलेलंच नाही, हे वाक्य घेऊन ती जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेली, थेट नगररचनाकाराकडं. तिला वाटलं होतं कुणी निबर माणूस असेल, दारातूनच हाकलेल. निघाला तो पन्नाशीचा थकलेला गृहस्थ, सदऱ्याची कॉलर उलटून शिवलेली. तो उठून उभा राहिला, तिला खुर्ची दिली आणि अहवालाची बांधणी उत्तम झाली म्हणाला.

"ही रेघ तुम्ही मारलीत का?" तिनं विचारलं.

"नाही हो."

"मग कुणी?"

त्यानं समजावून सांगितलं. बाहेरच्या देशातली एक मोठी संस्था आहे, ती जगभरातल्या शहरांसाठी धोरण ठरवते. आपल्या सरकारनं त्या धोरणावर सही केली. प्रत्येक माणसाला घरापासून काही पावलांवर हिरवळ मिळाली पाहिजे, असा त्यात नियम आहे. नियम चांगला आहे, कुणी नाही म्हणेल? मग सल्लागार कंपनी नेमली गेली आणि तिनं उपग्रहाच्या फोटोंवरून पट्टा आखून दिला.

"ते लोक इथं येऊन गेले?"

"यायची गरज पडत नाही आता." त्यानं संगणकाचा पडदा तिच्याकडं वळवला. वरून काढलेला फोटो होता. पत्र्यांच्या, कौलांच्या, सिमेंटच्या गर्दीत एक गोल हिरवा ठिपका. "हे तुमचं अंगण. ह्या भागात एवढीच झाडं दिसली त्यांना. म्हणून पट्टा इथून वळवला."

तिच्या वडिलांनी लावलेली दोन झाडं होती ती. उन्हाळ्यात भांडी घासलेलं पाणी घालून घालून तिनं जगवलेली.

"पाडून टाकते," ती म्हणाली. "आजच्या आज पाडते."

"आता नाही पाडता येणार. आराखडा जाहीर झालाय. तोडलीत तर गुन्हा होईल."

तिनं पडद्यावरच्या त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "प्रत्येकाला घरापासून काही पावलांवर हिरवळ. आणि ज्याचं घरच तिच्याखाली गेलं, त्याला किती पावलं, साहेब?"

नगररचनाकारानं चश्मा काढून पुसला. "हरकत नोंदवा," तो म्हणाला. "सुनावणी होईल. मी एवढंच सांगू शकतो."

गल्लीत चौदा घरं होती. बातमी फुटल्यावर सगळे चश्मेवाल्याच्या दुकानात जमले. नजर तपासायच्या तक्त्याखाली लोक दाटीवाटीनं उभे. चश्मेवाला पिढीजात शेजारी. दादाच्या डोळ्याला आता चश्म्याचा उपयोग नाही हे सांगताना तो स्वतःच रडला होता, इतका मऊ. पण गेल्या काही दिवसांत त्यानं फोनवर काय काय वाचलं होतं आणि त्याची झोप उडाली होती.

"हे आपल्या गल्लीपुरतं नाही," तो सांगत होता. "सगळ्या जगात ठरलंय. आधी नकाशावर रंग देतात. मग घरं काढून घेतात. मग आपल्याला उंच खुराड्यांत कोंडणार. कुणाचं म्हणून काही राहणार नाही. पंधरा-वीस माणसं एका खोलीत बसून ठरवतात हे!"

लोक घाबरून ऐकत होते. बाइंडरबाईला ते ऐकताना कसंतरीच वाटत होतं. पंधरा-वीस माणसांची खोली तिला काही खरी वाटेना. तिनं पाहिली होती ती एक उलटलेली कॉलर आणि एक ओशाळलेला कारकून. पण सगळं खोटं म्हणावं तरी कसं? रंग तर खरंच दिला होता.

"आपण आपल्या घरांबद्दल बोलूया," ती म्हणाली. "जगाचं राहू दे."

"जगाचं राहू देऊन कसं चालेल? आलंय कुठून हे?" चश्मेवाला म्हणाला.

सुनावणी पालिकेच्या सभागृहात झाली. तीनशेवर माणसं, प्रत्येकाला तीन मिनिटं, समोर पाचजणांची समिती आणि टेबलावर घंटी. चश्मेवाल्याचा नंबर तिच्या आधी होता. त्यानं फोनवरून वाचायला सुरुवात केली. गुप्त बैठका, जगाचं एकच सरकार, माणसांची गुरं होणार. आवाज चढत गेला. समितीतल्या एकानं तोंडावर कागद धरला. दुसरा उघड हसला. मागं बसलेल्यांतलेही काही हसले. घंटी वाजली तरी चश्मेवाला बोलतच होता. शेवटी त्याला हाताला धरून खाली बसवलं.

मग ती उभी राहिली. "साहेब, मला कटबिट काही ठाऊक नाही. मला एक खोली बांधायचीय. दहा फूट बाय बारा. माझा भाऊ जिना उतरू शकत नाही."

"म्हणजे तुमचाही बाहेरच्या संस्थेला विरोध आहे," अध्यक्ष म्हणाले.

"माझा कुणालाच विरोध नाही. तुम्हाला बाग करायची ना? करा. आमचं घर घ्या, त्याच्या बदली दुसरं द्या, तळमजल्यावरचं, आम्ही उद्या जातो. नाहीतर मग सोडा. पण घ्यायचंही नाही आणि सोडायचंही नाही, नुसतं धरून ठेवायचं, आमची माणसं वर अडकलेली असताना? वीस वर्षं? माझा भाऊ सत्तरीचा आहे हो."

घंटी वाजली. "नोंद घेतली," अध्यक्ष म्हणाले.

तीन महिन्यांनी निकालाचा कागद आला. चौदा घरांच्या हरकती एकाच ओळीत निकालात काढल्या होत्या. 'अपप्रचारातून झालेला गैरसमज. अमान्य.'

ती तो कागद घेऊन तडक चश्मेवाल्याकडं गेली. "तुमच्यामुळे झालं हे! मी खोलीबद्दल बोलले, आणि त्यांनी मला तुमच्या गठ्ठ्यात घातलं."

चश्मेवाला काचा घासत होता. त्यानं मान वर केली नाही. "मला हसले, मान्य," तो हळूच म्हणाला. "तुम्हाला तर नाही ना हसले? मग तुमचं तरी कुठं ऐकलं?"

ती आली तशी परत गेली.

त्यानंतर तिनं जे केलं, ते तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं कधी रांग मोडली नव्हती, कधी तिकिटाशिवाय बसमध्ये चढली नव्हती. पण दादा आता दिवसभर पलंगावर पडून छताकडं बघायला लागला होता, आणि अंघोळीसाठी दोन माणसं बोलावून त्याला खुर्चीवर बसवावं लागायचं. एका सोमवारी तिनं गवंड्याला बोलावलं आणि म्हणाली, "बांध."

"परवानगी?"

"माझी आहे. माझी जागा, माझी परवानगी."

गवंड्यानं तिच्याकडं पाहिलं, खांदे उडवले आणि ओळंबा काढला. भिंती वर यायला लागल्या तसा दादाही वर यायला लागला. त्यानं खुर्ची मागच्या खिडकीशी ओढून घ्यायला लावली आणि सकाळपासून तिथं ठाण मांडून बसला. त्याला भिंतीचे रंग-आकार तेवढे दिसायचे, पण हुकूम सुटायचे असे की जणू टॉवर उभा राहतोय.

"अरे, तो कोपरा बाहेर चाललाय!"

"आजोबा, तुम्हाला दिसतंय तरी का?"

"दिसत नाही, पण ऐकू येतंय! थापी वाकडी पडतेय तुझी!"

गवंडी हसायचा. दादा डाव्या हाताचे व्यायाम पुन्हा करायला लागला. एकदा तर पलंगाच्या कठड्याला धरून अर्धं मिनिट उभा राहिला आणि घामाघूम होऊन म्हणाला, "चिमे, खोली झाली की मी आधी गल्लीच्या तोंडापर्यंत जाणार. पलीकडं कायकाय बदललंय ते बघून येणार."

सहाव्या दिवशी, छताचे पत्रे चढवायच्या दिवशी, पालिकेचं पथक आलं. सातजण, एक गाडी, दोन मोठे घण. मुकादमानं तिला कागद दाखवला. आवाज चढवला नाही. उलट गवंड्याला म्हणाला, दार-खिडकी काढून घे, नुकसान कशाला? गवंड्यानं दार काढून भिंतीला टेकवलं.

"साहेब!" वरून दादा ओरडला. "ओ साहेब! एकदा वर या! मला बघा, आणि मग पाडा! मी काही म्हणणार नाही!"

मुकादमानं वर पाहिलं नाही. त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि माणसांना खूण केली. बाइंडरबाई धावत जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली. दोन बायका होत्या पथकात. त्यांनी तिला दंडाला धरून बाजूला नेलं, एकीनं तर पाणीसुद्धा दिलं. ओल्या सिमेंटच्या भिंती. फार वेळ लागला नाही. तुतीच्या झाडांना मात्र एक ओरखडा येऊ दिला नाही त्यांनी.

दुपारी ती वर गेली तेव्हा दादा भिंतीकडं तोंड करून झोपला होता. जेवण तसंच झाकलेलं. तिनं खुर्ची पुन्हा पलंगाशी आणून ठेवली. त्यानंतर त्यानं ती खिडकीशी न्यायला सांगितली नाही, आणि हाताचे व्यायामही सुटले.

वर्ष गेलं. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथं आधीपासून मोकळी जागा होती, तिथं वाट झाली, बाकडी लागली. एके दिवशी सकाळी गल्लीत सात-आठ माणसं आली. टोप्या, गळ्यात ओळखपत्रं. सगळ्यांत पुढं एक उंच, पिकल्या केसांची पाहुणी. बाहेरच्या संस्थेकडून आली होती. बरोबर दुभाषी मुलगी होती आणि एक पाऊल मागं नगररचनाकार. तो खाली बघत होता.

बाइंडरबाईच्या हातांना खळ लागलेली होती. ती तशीच बाहेर आली. "त्यांना सांग, पाच मिनिटं वर या म्हणावं."

दुभाषीनं नगररचनाकाराकडं पाहिलं. पण पाहुणीनं हातवाऱ्यांवरूनच ओळखलं आणि ती निघालीसुद्धा. जिन्याच्या वळणावर तिचं डोकं आपटलं. कपाळ चोळत ती दादाच्या पलंगाशी आली, गुडघे टेकून खाली बसली, म्हणजे तोंडं समोरासमोर आली.

दादानं सगळं सांगितलं. चिडला नाही, रडला नाही. लिफ्टचा बिघाड सांगावा तसं सांगितलं. कुठं अडकलं, कधीपासून. पाहुणी मध्येमध्ये दुभाषीला थांबवून पुन्हा विचारत होती. तिचे डोळे भरून आले. तिनं वहीत बरंच लिहून घेतलं.

"त्या म्हणतात," दुभाषी म्हणाली, "आमच्या कागदात असं कुठंही लिहिलेलं नाही. उलट कुणाचं घर अडवू नये, आधी पर्यायी घर द्यावं, असं स्पष्ट लिहिलंय. शिवाय आमचा कागद म्हणजे सल्ला आहे. ठरवणारं तुमचं सरकार."

"मग आमच्या सरकारला सांगा ना तेवढंच," बाइंडरबाई म्हणाली.

"त्या म्हणतात, अहवालात लिहीन. पण हुकूम द्यायचा अधिकार आम्हाला नाही."

पाहुणीनं दादाचा हात दोन्ही हातांत धरला. जाण्याआधी बरोबरच्या माणसानं विचारून दादाचा एक फोटो काढला. उजेड हवा म्हणून त्याला खुर्चीवर बसवून खिडकीशी नेलं.

बाकीचे खाली उतरले, नगररचनाकार जिन्याच्या तोंडाशी घुटमळला. "ती बाई खोटं बोलली नाही," तो म्हणाला. "कागदात खरंच तसं आहे. पण पट्टा मध्ये तुटला तर हिरव्या शहरांच्या यादीत आपल्या शहराचा क्रमांक खाली जातो. क्रमांक खाली गेला की वरून मला फोन येतो. आणि पर्यायी घरं द्यायला वर कुणी तयार नाही."

"म्हणजे आमची खोली पाडा, असं नेमकं सांगितलं कुणी?"

त्यानं विचार केला. अगदी प्रामाणिकपणे केला. "कुणीच नाही," तो म्हणाला.

राग कुणावर काढायचा हेच तिला उमजत नव्हतं. समोर एखादा दुष्ट माणूस असता तर तिनं त्याची गचांडी धरली असती.

उन्हाळ्याच्या शेवटी चश्मेवाला एक गुळगुळीत पुस्तिका घेऊन वर आला. त्या संस्थेनं काढलेली, आपल्या भाषेतली प्रत. आत एका पानावर दादा होता. खिडकीत बसलेला, चेहऱ्यावर उजेड, मागं तुतीची पानं. खाली छापलं होतं, 'हरित मार्गिकेचा आनंद घरबसल्या घेणारे एक ज्येष्ठ नागरिक.'

"माझा फोटो आलाय?" दादानं पुस्तिका डोळ्याशी नेली. "चांगला आलाय का गं?"

"छान आलाय."

"खाली काय लिहिलंय?"

चश्मेवाल्यानं तिच्याकडं पाहिलं. तिनं पुस्तिका हळूच काढून घेतली. "काही नाही. गल्लीचं नाव आहे नुसतं."

"खोलीचं काही?"

"नाही दादा."

दादानं रिकामा झालेला हात चादरीवरून फिरवला. मग म्हणाला, "वाचायची सवय नाही ना तुला. एखादी ओळ राहिली असेल."

त्याला कळलं होतं, हे तिला कळलं. दोघांनीही विषय तिथंच सोडला.

त्या थंडीत दादा गेला. सकाळी चहा घेऊन ती आली तेव्हा तो शांत पडलेला होता, उजवा हात पोटावर. रुग्णवाहिकेच्या माणसांनी स्ट्रेचर आणलं, पण ते जिन्याच्या वळणावर फिरेना. उभं करून बघितलं, तिरकं करून बघितलं. शेवटी एकानं विचारलं, खुर्ची आहे का? दादाला खुर्चीवर बसवून, छातीशी चादर बांधून, चौघांनी पायरी पायरीनं खाली आणलं. वळणावर त्याचा खांदा भिंतीला घासला, तेव्हा ती "सांभाळून" म्हणाली, जशी जिवंत माणसासाठी म्हणावी. गल्लीतले सगळे दारांत उभे होते. चश्मेवाला पुढं झाला आणि त्यानं खुर्चीचा एक पाय धरला.

भाचीचा फोन आला. ती रडली, मग म्हणाली, "आत्या, तू इकडं ये आता. ते घर सोड."

"सोडू कुणाला?" बाइंडरबाई म्हणाली. "घ्यायला कुणी नको का?"

महिन्याभरानं ती घराच्या कागदावरचं दादाचं नाव कमी करायला भूमापन कार्यालयात गेली. रांग लांब होती. खिडकीतली मुलगी नवीन होती, चटपटीत. तिनं मृत्यूचा दाखला पाहिला, भाचीचं संमतीपत्र पाहिलं, शिक्का मारला.

"झालं काकू. आता तुम्ही एकट्या मालकीण. अख्खं घर तुमचं."

"बरं."

"एक रकाना राहिलाय. मालमत्तेचा सध्याचा वापर काय?"

"वापर म्हणजे? राहते मी तिथं. खाली दुकान आहे."

मुलीनं पडद्यावर काहीतरी उघडलं, कपाळाला आठी घातली. "राहते असं नाही घेता येणार. जागा मार्गिकेत आहे. इथं दोनच पर्याय आहेत, रिकामी किंवा तात्पुरता ताबा."

"मी त्या घरात जन्मले," बाइंडरबाई म्हणाली. "एकसष्ट वर्षं झाली."

"हो काकू, पण पर्याय दोनच आहेत." मागच्या माणसानं खाकरून दाखवलं. मुलगी अवघडली, आवाज खाली आणून म्हणाली, "रिकामी लिहिण्यापेक्षा तात्पुरता बरा ना?"

बाइंडरबाईनं मान डोलावली. मुलीनं लिहिलं, कागद सरकवला, सहीची जागा बोटानं दाखवली. तिनं सही केली. बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. तिनं कागद घडी घालून पिशवीत ठेवला आणि थांब्यावर येऊन उभी राहिली. तिची बस आली. दार उघडलं, चालक तिच्याकडं बघत थोडा थांबला, मग दार लावून निघून गेला. त्यानंतरचीही गेली. ती तिथंच उभी होती.